विश्लेषण : शहराचे भाग पाडायचे कशावरून? कॉलऱ्याचे मूळ शोधणारे डॉ. जॉन स्नो कोण होते?

साथ आली, की शहराचा नकाशा रंगू लागतो. २०२० मध्ये करोनाच्या काळात आपण रेड, ऑरेंज आणि ग्रीन झोन पाहिले. कोणत्या वॉर्डात किती रुग्ण, याचे आकडे रोज मोबाइलवर येत होते. पण शहराचे असे भाग नेमके कशाच्या आधारे पाडायचे? वॉर्डाच्या हद्दीवरून, वस्तीवरून, की नळाला पाणी कुठून येते यावरून? भाग पाडण्याची पद्धत चुकली, तर आकडे खरे असूनही निष्कर्ष चुकतो. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये हेच घडत होते आणि त्याची किंमत हजारो लोक जिवाने मोजत होते. ही चूक ओळखणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांच्याविषयी…

जॉन स्नो यांचे बालपण कसे गेले?

स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क शहरात झाला. नऊ भावंडांत ते थोरले. वडील मजुरी करत. घर नदीजवळच्या गरीब वस्तीत होते. वयाच्या १४व्या वर्षी, १८२७ मध्ये, त्यांना न्यूकॅसल येथील विल्यम हार्डकॅसल या सर्जनकडे उमेदवारीसाठी पाठवण्यात आले. त्या काळी डॉक्टर होण्याची ही रूढ वाट होती.

किशोरवयातच त्यांनी मांसाहार सोडला. दारूलाही ते शिवत नसत. पिण्याच्या पाण्याबाबत तर ते इतके काटेकोर होते, की शक्यतो ऊर्ध्वपातन केलेले पाणीच पीत. पुढे ज्या शोधामुळे ते ओळखले गेले, त्याच्या कितीतरी आधीपासून पाण्याविषयीची ही सावधगिरी त्यांच्या अंगी होती.

कॉलऱ्याशी पहिली गाठ कधी पडली?

भारतीय उपखंडातून निघालेली कॉलऱ्याची, म्हणजेच पटकीची साथ १८३१ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील संडरलँड बंदरात पोहोचली. तिथून न्यूकॅसल जवळच. स्नो यांना किलिंगवर्थ येथील कोळसा खाणीतील कामगारांवर उपचार करण्यासाठी पाठवण्यात आले. तेव्हा ते १८ वर्षांचे होते.

खाणीत कामगार तासन् तास जमिनीखाली असत. शौचाची सोय नसे. हात न धुता तिथेच डबा उघडून जेवत. वर दलदल नव्हती, कचऱ्याचे ढीग नव्हते. तरीही माणसे पटापट आजारी पडत होती. हे दृश्य त्यांच्या मनातून गेले नाही. पुढे कॉलऱ्यावर लिहिताना त्यांनी खाणकामगारांच्या या परिस्थितीचा दाखला दिला.

लंडनमध्ये त्यांनी काय काम केले?

१८३६ मध्ये स्नो लंडनला आले. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून त्यांनी सोहो भागातील फ्रिथ स्ट्रीटवर दवाखाना थाटला. १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एमडी पदवी मिळवली. १८४६ च्या अखेरीस शस्त्रक्रियेसाठी ईथर वापरून रुग्णाला बेशुद्ध करण्याचे तंत्र अमेरिकेतून लंडनमध्ये आले. स्नो यांनी त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला, मात्रा मोजून देणारे उपकरण तयार केले आणि १८४७ मध्ये ईथरवर पुस्तक लिहिले. भूलशास्त्रातील त्यांचा अधिकार इतका मानला गेला, की १८५३ आणि १८५७ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यांनाच बोलावण्यात आले.

हे काम आणि कॉलरा यांचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. त्या काळी बहुतेक डॉक्टर आणि अधिकारी असे मानत, की घाण, गटारे आणि कुजलेल्या पदार्थांतून निघणाऱ्या दूषित हवेने कॉलरा होतो. स्नो मात्र रोज वायूंसोबत काम करत होते. वायू पसरतो, पसरताना विरळ होतो आणि त्याचा परिणाम मात्रेनुसार बदलतो, हे त्यांना ठाऊक होते. शिवाय कॉलऱ्याची सुरुवात फुप्फुसांत नव्हे, तर पोटात होते. विष श्वासातून जात असेल, तर त्याचा पहिला घाव आतड्यांवर कसा? त्यावरून हा रोग दूषित पाण्यातून आणि अन्नातून तोंडावाटे शरीरात जात असावा, असा तर्क त्यांनी १८४९ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत मांडला. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित झाला नव्हता. पुस्तिकेची फारशी दखल घेतली गेली नाही.

दूषित हवेच्या सिद्धांताला आकडेवारीचा आधार कसा मिळाला?

१८४९ च्या साथीत लंडनमध्ये १४ हजारांहून अधिक लोक कॉलऱ्याने दगावले. जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात विल्यम फार हे संख्याशास्त्रज्ञ काम करत होते. फार हुशार आणि प्रामाणिक होते. त्यांनी लंडनच्या नोंदणी जिल्ह्यांची समुद्रसपाटीपासूनच्या उंचीनुसार वर्गवारी केली आणि प्रत्येक गटाचा मृत्युदर काढला. चित्र लख्ख होते. थेम्स नदीकाठच्या सखल भागांत मृत्युदर सर्वाधिक आणि जमीन जसजशी उंच, तसतसा तो कमी. सखल भागात दूषित हवा दाट साचते आणि उंचावर ती विरते, या समजुतीला जणू गणिताचा शिक्का मिळाला.

फार यांच्या आकड्यांत चूक नव्हती. पण सखल भागातील लोक शहराच्या मैल्याने भरलेल्या नदीच्या खालच्या टप्प्यातले पाणी पीत, तर उंचावरच्या अनेक भागांना पाणी वेगळीकडून मिळे. उंची आणि पाणी या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. शहर उंचीनुसार कापले, तर उंचीच दिसणार. पाण्याचा परिणाम पाहायचा, तर शहर पाण्यानुसार कापायला हवे होते.

स्नो यांनी दक्षिण लंडनची विभागणी कशी केली?

दक्षिण लंडनला प्रामुख्याने दोन खासगी कंपन्या पाणी पुरवत. ‘सदर्क अँड व्हॉक्सहॉल’ ही कंपनी बॅटरसी येथून, म्हणजे शहराचा मैला जिथे मिसळत होता, त्या टप्प्यातून थेम्सचे पाणी उचलत होती. ‘लॅम्बेथ’ कंपनीने मात्र १८५२ मध्ये आपले पाणी उचलण्याचे ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनजवळ हलवले होते. तिथे शहराची घाण पोहोचत नव्हती.

१८५३ च्या साथीचे आकडे घेऊन स्नो यांनी दक्षिण लंडनच्या उपजिल्ह्यांचे तीन गट पाडले. फक्त सदर्क कंपनीचे पाणी येणाऱ्या १२ उपजिल्ह्यांत दर लाख लोकसंख्येमागे ११४ मृत्यू झाले होते. दोन्ही कंपन्यांचे पाणी येणाऱ्या १६ उपजिल्ह्यांत हे प्रमाण ६० होते. फक्त लॅम्बेथचे पाणी येणाऱ्या तीन उपजिल्ह्यांत एकही मृत्यू नव्हता.

एवढ्यावर थांबता आले असते. पण आक्षेप तयार होता. हे भाग केवळ पाण्यानेच वेगळे नाहीत, तिथली वस्ती, उत्पन्न, घरे, हवा असे सगळेच वेगळे असू शकते. स्नो यांना हा आक्षेप मान्य होता. म्हणून त्यांनी सर्वांत किचकट वाटणाऱ्या भागाकडे, दोन्ही कंपन्यांचे पाणी येणाऱ्या त्या १६ उपजिल्ह्यांकडे, लक्ष वळवले.

मिश्र पाण्याचा भाग निर्णायक का ठरला?

पूर्वीच्या स्पर्धेमुळे या भागात दोन्ही कंपन्यांच्या नळवाहिन्या एकाच रस्त्याखालून गेल्या होत्या. एका घराला या कंपनीचे पाणी, तर शेजारच्या घराला दुसरीचे. गरीब-श्रीमंत, लहान-मोठे, सर्व व्यवसायांचे सुमारे तीन लाख लोक नकळत दोन गटांत वाटले गेले होते. हवा सगळ्यांची एकच होती. फरक फक्त पाण्याचा होता. आज औषधांच्या चाचणीत जे मुद्दाम घडवून आणले जाते, ते इथे आपोआप घडले होते.

१८५४ मध्ये कॉलरा परतला, तेव्हा स्नो यांनी मृतांचे पत्ते मिळवले आणि ते घरोघरी जाऊ लागले. पुढे कामाचा व्याप वाढल्यावर एका सहकाऱ्याची मदत घेतली. अडचण अशी, की अनेक भाडेकरूंना आपले पाणी कोणत्या कंपनीचे हेच माहीत नसे, कारण पाणीपट्टी घरमालक भरत. मग स्नो यांनी रसायनशास्त्राचा आधार घेतला. सदर्कच्या पाण्यात भरती-ओहोटीमुळे आणि सांडपाण्यामुळे मिठाचे प्रमाण लॅम्बेथच्या पाण्यापेक्षा सुमारे ४० पट होते. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, की एक पाणी जेमतेम गढुळायचे आणि दुसऱ्यात दह्यासारखा पांढरा साका जमायचा. नळ कोणत्या कंपनीचा, हे त्यावरून ठरत असे.

२६ ऑगस्ट १८५४ पर्यंतच्या सात आठवड्यांचे आकडे असे होते. सदर्क कंपनीच्या ४०,०४६ घरांमध्ये १,२६३ मृत्यू झाले, म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५. लॅम्बेथच्या २६,१०७ घरांमध्ये ९८ मृत्यू, म्हणजे दर दहा हजारांमागे ३७. फरक साडेआठ पटींचा. उरलेल्या लंडनमध्ये हे प्रमाण ५९ होते.

या हिशेबात एक उणीव होती. प्रत्येक कंपनीची एकूण घरे किती, हे स्नो यांना ठाऊक होते, पण प्रत्येक उपजिल्ह्यात कोणाची किती घरे, हे ठाऊक नव्हते. त्यामुळे मिश्र भागापुरता स्वतंत्र दर काढता येत नव्हता. १८५६ मध्ये उपजिल्हावार माहिती हाती आल्यावर त्यांनी हे गणित पुन्हा मांडले.

ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे प्रकरण काय?

दक्षिणेत हे काम सुरू असतानाच ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री सोहोमध्ये, स्नो यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कॉलऱ्याचा स्फोट झाला. दहा दिवसांत ५०० हून अधिक लोक गेले. घरेच्या घरे रिकामी झाली. ज्यांना शक्य होते, ते परिसर सोडून पळाले.

स्नो यांचा संशय ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक हातपंपावर गेला. नोंदणी कार्यालयातून त्यांनी पहिल्या तीन दिवसांतील ८३ मृत्यूंची यादी घेतली. जवळपास सर्व मृत्यू या पंपाच्या आसपासचे होते. दुसरा पंप जवळ असलेल्या घरांत केवळ १० मृत्यू झाले होते. त्यातल्या पाच कुटुंबांनी सांगितले, की आम्हाला ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडते म्हणून आम्ही तिथूनच आणतो. आणखी तीन मृत्यू मुलांचे होते आणि त्यांची शाळा पंपाजवळ होती.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्यांनी सेंट जेम्स पॅरिशच्या कारभाऱ्यांपुढे ही माहिती ठेवली. दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला, पंपाचा दांडा काढण्यात आला.

नकाशावरील तुटक रेषेचा अर्थ काय?

स्नो यांचा सोहोचा नकाशा जगप्रसिद्ध आहे. प्रत्येक मृत्यूसाठी त्या घरापाशी एक काळी आडवी रेघ. जिथे जास्त मृत्यू, तिथे रेघांची चळत. मात्र असे ठिपके-रेघांचे नकाशे त्यांच्याआधीही इतरांनी काढले होते. या नकाशाची १८५५ मध्ये पॅरिशच्या चौकशी समितीच्या अहवालात छापलेली आवृत्ती त्या मानाने कमी चर्चेत येते. तिच्यावर ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती एक वेडीवाकडी तुटक रेषा आहे.

या रेषेवरील प्रत्येक बिंदू ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि शेजारचा दुसरा पंप यांच्यापासून सारख्याच अंतरावर आहे. रेषेच्या आत राहणाऱ्याला ब्रॉड स्ट्रीट जवळ, बाहेर राहणाऱ्याला दुसरा पंप जवळ. महत्त्वाचे म्हणजे हे अंतर स्नो यांनी नकाशावर पट्टी ठेवून काढले नाही. गल्लीबोळांतून बादली घेऊन प्रत्यक्ष किती चालावे लागेल, ते मोजले. मृत्यू बहुतांश रेषेच्या आत होते. दुसरा पंप स्पष्टपणे जवळ असेल तिथे ते एकदम कमी होत किंवा थांबत.

पॅरिशची हद्द कारभारासाठी आखलेली होती. स्नो यांची हद्द पाणी भरणाऱ्याच्या पायांनी आखली होती.

रेषेचा नियम मोडणारी ठिकाणे कोणती?

चांगल्या विभागणीची परीक्षा तिच्या अपवादांत होते. रेषेच्या आत असूनही काही ठिकाणी मृत्यू कमी होते. पोलंड स्ट्रीटवरील अनाथ-निराधारांच्या वर्कहाऊसमध्ये ५३५ लोक राहत होते. चहूबाजूंनी मृत्यूचे थैमान असताना तिथे फक्त पाच जण गेले. वर्कहाऊसची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरील बिअरच्या कारखान्यातील सत्तरहून अधिक कामगारांपैकी एकही दगावला नाही. त्यांना बिअर मिळे, शिवाय आवारात खोल विहीर होती. याच रस्त्यावरील बंदुकीच्या टोप्या बनवणाऱ्या कारखान्यात मात्र पिंपात पंपाचे पाणी भरून ठेवलेले असे. तिथल्या सुमारे २०० कामगारांपैकी १८ जण मृत्युमुखी पडले.

उलट बाजूचा पुरावा याहून बोलका होता. दूरच्या हॅम्पस्टेड भागात एका वृद्ध विधवेचा कॉलऱ्याने मृत्यू झाला. तिथे साथ नव्हती. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे आणि तिथल्या पाण्याची चव आवडत असल्याने रोज गाडीवरून बाटली मागवत असे. तिला भेटायला आलेली भाची तेच पाणी पिऊन इझलिंग्टनला परतली आणि तीही गेली. दोघी रेषेच्या बाहेर होत्या, पण पाणी आतले होते.

दांडा काढल्यामुळेच साथ थांबली का?

लोकप्रिय कथा तशी सांगितली जाते, पण ती पूर्ण खरी नाही. लोक परिसर सोडून गेल्याने ८ सप्टेंबरपूर्वीच साथ ओसरू लागली होती आणि स्वतः स्नो यांनीही तसे नमूद केले. तरीही दांडा काढणे व्यर्थ गेले नाही, हे नंतर कळले.

हेन्री व्हाइटहेड या स्थानिक धर्मगुरूंना सुरुवातीला स्नो यांचे म्हणणे पटले नव्हते. ते खोडून काढण्यासाठी त्यांनी आपल्या ओळखीच्या वस्तीत स्वतंत्र चौकशी केली आणि अखेर तेही पाण्यापाशीच येऊन पोहोचले. पंपासमोरच्या ४० क्रमांकाच्या घरातील पाच महिन्यांची मुलगी साथीच्या आधी जुलाबाने आजारी होती. तिचे दुपटे धुतलेले पाणी आई घरापुढच्या शोषखड्ड्यात टाकत होती. खोदून पाहिल्यावर तो खड्डा विहिरीपासून तीन फुटांहूनही कमी अंतरावर निघाला आणि त्यातली घाण विहिरीत झिरपत होती. त्याच मुलीचे वडील ८ सप्टेंबरला कॉलऱ्याने आजारी पडले आणि पुढे दगावले. म्हणजे ज्या दिवशी दांडा निघाला, त्याच दिवशी विहिरीत पुन्हा विष जाण्याची सुरुवात होत होती. पंप चालू राहिला असता, तर दुसरी लाट अटळ होती.

स्नो यांना मान्यता कधी मिळाली?

त्यांच्या हयातीत ती मिळाली नाही. सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीने १८५५ मध्ये त्यांचा निष्कर्ष नाकारला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या पुस्तिकेची विस्तारित आवृत्ती काढली. त्यात दक्षिण लंडनचा कंपनीनिहाय रंगवलेला नकाशाही होता. १० जून १८५८ रोजी भूलशास्त्रावरील पुस्तकाचे काम करत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १६ जूनला, वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांच्या निधनाची नोंद मोजक्या शब्दांत घेतली आणि त्यात कॉलऱ्याचा उल्लेखही नव्हता.

१८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये कॉलऱ्याने पाच हजारांहून अधिक बळी घेतले. या वेळी विल्यम फार यांनी शहर उंचीनुसार न विभागता पाणीपुरवठ्यानुसार विभागले. मृत्यू एकाच कंपनीच्या क्षेत्रात एकवटलेले दिसले आणि त्या कंपनीने न गाळलेले पाणी सोडल्याचे उघड झाले. ज्यांच्या आकडेवारीने एकेकाळी हवेच्या सिद्धांताला बळ दिले होते, त्यांनीच आता पाण्याच्या बाजूने निर्वाळा दिला. १८८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याचा जिवाणू वेगळा केला, तेव्हा वादाला फारसा वाव उरला नाही. स्नो यांना जाऊन तेव्हा २६ वर्षे झाली होती.

आजच्या शहरांसाठी यातून काय घ्यायचे?

स्नो यांच्या तुटक रेषेमागची कल्पना गणितात आज ‘व्होरोनॉय आकृती’ म्हणून ओळखली जाते. जॉर्जी व्होरोनॉय या गणितज्ञाने १९०८ मध्ये तिची सर्वसाधारण मांडणी केली. पर्जन्यमापक केंद्रांची क्षेत्रे ठरवताना सिव्हिल इंजिनीअर वापरतात ती थिसेन पद्धत हेच तत्त्व वापरते. अग्निशमन केंद्र, रुग्णालय किंवा बसथांब्याचे क्षेत्र ठरवतानाही त्याचा उपयोग होतो. मात्र अनेकदा ही क्षेत्रे सरळ रेषेतल्या अंतरावर आखली जातात. मध्ये रेल्वेमार्ग किंवा नाला असेल, तर ‘जवळचे’ केंद्र प्रत्यक्षात दूर असते. हे भान स्नो यांनी कागद-पेन्सिलच्या काळात दाखवले होते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएस या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण वाढले. त्यातील बरेच रुग्ण सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या परिसरात आढळल्यावर तपासाचा रोख तिथल्या पाण्याच्या स्रोतांकडे आणि नांदेड येथील विहिरीकडे वळला. संपूर्ण पुण्याची सरासरी काढत बसले असते, तर हे लक्षात यायला उशीर लागला असता. एखाद्या शहराचा, प्रभागाचा किंवा झोनचा आकडा समोर आला, की तो किती मोठा आहे हे आपण आधी पाहतो. ती हद्द कोणी, कशासाठी आखली आणि तिच्या आतल्या घरांना पाणी कुठून येते, हे विचारायला स्नो यांनी शिकवले. लंडनमधल्या एकाच रस्त्यावर, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत मृत्यूचा धोका कित्येक पटींनी वेगळा होता आणि जिल्ह्याच्या सरासरीत तो कधीच दिसला नसता.